सतरा नंबरची विहीर

खराडीच्या रानात श्यामलाबाईंची लुना शिरली की आधी कुत्री भुंकायची आणि मागोमाग बायकांच्या हाका सुरू व्हायच्या. "टेपवाली बाई आली गं!" कुणी ताकाचा पेला पुढं करायची, कुणी लेकीचं लग्न ठरल्याचं सांगायची. गावात मुक्कामाला आलेल्या नाटक कंपनीच्या पहिल्या नटीलाही एवढा मान मिळत नसेल. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत मात्र हाका बंद झाल्या. कुत्री भुंकली, पण माणसं गप्प राहिली. चार नंबरच्या विहिरीजवळच्या घरात एक बाई धुणं पिळत होती. श्यामलाबाईंना पाहताच तिनं पिळा तसाच बादलीत टाकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

श्यामलाबाई मूळच्या नारायण पेठेतल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला "मुहूर्त चुकला, तुमचाही चुकायला हवा होता" असं सुनवून मोकळ्या होत. भोसरीच्या एका कारखान्यात त्या टंकलेखक होत्या. एक्याण्णव साली तिथं संगणक आला आणि सहा टंकलेखिकांना पेढे देऊन निरोप दिला गेला. बाईंनी पेढा खाल्ला नाही. चार महिन्यांनी पेठेतल्याच 'पाणवठा' नावाच्या पर्यावरण संस्थेत त्या पत्रं टाइप करायला लागल्या. एकदा विहिरी मोजणारा गडी आजारी पडला म्हणून त्याच्या जागी गेल्या आणि मग विहिरींच्याच होऊन राहिल्या.

काम साधं होतं. खराडीतल्या बावीस विहिरी, प्रत्येकीच्या कठड्यावर निळ्या रंगात नंबर. पोलादी टेपच्या टोकाला शिशाचं वजन बांधायचं, शेवटच्या काही फुटांना खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. ओला झालेला खडू जिथं संपतो तिथं पाणी. बाई आकडा मोठ्यानं म्हणत, मगच लिहीत. "आकडा आधी विहिरीच्या मालकाला ऐकू गेला पाहिजे, मग कागदाला," असं त्यांचं म्हणणं.

दर महिन्याचे आकडे संस्थेच्या नोंदवहीत चढत, आणि ती वही बाहेरच्या खोलीत टेबलावर कुणीही पाहावी अशी उघडी असे. संस्थेचे प्रमुख श्रीधरराव यांना या गोष्टीचा फार अभिमान होता. "सरकारी कचेऱ्या कागद दडवतात. आपण दडवत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. टेबलावर बाईंच्याच अक्षरातली पाटी होती: 'नोंदवही पाहणे मोफत आहे. पाने दुमडणे मोफत नाही.'

मार्चपर्यंत चार नंबरची विहीर गाळाला लागली होती, अकरा नंबरचीही. दोन्हीकडं टँकर उभे. काचेच्या नव्या इमारती वर चढत होत्या, आणि सिमेंटला पाणी लागतं, तसं ते ओतणाऱ्या हजारो माणसांनाही लागतं. कुणी मालकानं खुशीनं पाणी दिलं होतं. ज्यानं नाही म्हटलं, त्याच्या शेजारचा तुकडा विकत घेऊन तिथं खोल बोअर मारली गेली आणि विहीर आपोआप आटली.

"तुमचा पायगुण म्हनत्यात बाई," द्वारकाबाईंनी चहा देताना सांगितलं. सतरा नंबरची विहीर त्यांच्या बांधावरची. तिच्यावर त्यांची पेरूची बाग जगत होती आणि वस्तीतली सहा घरं पाणी पीत होती. "तुम्ही मोजून गेलात का म्हयन्यात पानी जातं म्हनं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटत आसतं तर च्या दिला आसता का? पर बाई, चार, मग अकरा, आता नऊ. ह्ये काय पायाचं काम न्हाई. कुनीतरी यादी घिऊन फिरतंय."

तो शब्द बाईंच्या डोक्यात घरापर्यंत आला.

शनिवारी संस्थेत नम्रता यायची. खराडीतल्याच एका कंपनीत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी फुकट नकाशे काढून देणारी गुणी पोर. बाईंनी तिला बारा वर्षांचे आकडे दाखवायला सांगितले.

"कसे पाहिजेत मॅडम? नंबरवाइज की सॉर्ट करून? थांबा, ॲव्हरेज काढून जास्त पाणीवाली वर टाकते. डन!"

पडद्यावर यादी आली. चार. अकरा. नऊ. दोन. सतरा.

गेल्याच आठवड्यात दोन नंबरच्या विहिरीशेजारी बोअरचं यंत्र उभं राहिलं होतं.

"काय झालं मॅडम? तुमचा फेस एकदम..."

"काही नाही. ऊन लागलं," बाई म्हणाल्या. खोलीत पंखा फिरत होता.

बाहेर येऊन त्यांनी अभ्यागतांची वही चाळली. ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या सहा तारखेला एकच वळणदार सही होती, बद्रीनाथ. बाईंना माणूस आठवला. करडा सफारी, दारात चपला काढून येणारा, नोंदवहीतली पानं उतरवून घेताना एकही पान न दुमडणारा. पाटीचं कौतुकसुद्धा केलं होतं त्यानं. जाताना नमस्कार करून म्हणाला होता, "बाई, आपले आकडे फार भरवशाचे. इतकं चोख काम हल्ली कुठं बघायला मिळत नाही."

बाई तडक श्रीधररावांकडं गेल्या. "वही कपाटात ठेवा."

श्रीधररावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस कोरडा नव्हता. त्यांचा चेहरा उतरला, पण मान हलली ती नकारार्थीच. "श्यामलाबाई, आज एकासाठी दडवली की उद्या सगळ्यांसाठी दडवावी लागेल. नदीसाठी कोर्टात चाललेल्या दाव्यात आपण याच वहीच्या जोरावर उभे आहोत. ती उघडी आहे म्हणूनच खरी मानतात."

"विहिरी संपल्यावर खरेपणा कशात बुडवायचा?"

वही टेबलावरच राहिली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बाई सतरा नंबरवर गेल्या. टेप सोडला. खडू एकोणीस फुटांवर ओला झाला. अडतीस फूट खोल विहिरीत एकोणीस फूट पाणी, तेही ऐन एप्रिलात. बाईंनी आकडा म्हटला नाही. द्वारकाबाई वाट पाहत होत्या. "किती?" त्यांनी विचारलंच.

"आहे," बाई म्हणाल्या. "बक्कळ आहे."

परत आल्यावर त्यांनी नोंदवही पुढं ओढली. बारा वर्षांत त्या वहीत त्यांनी एकदाही खाडाखोड केली नव्हती. सतरा नंबरच्या रकान्यात, आपल्या सुबक अक्षरात, त्यांनी लिहिलं: कोरडी. शाई वाळेपर्यंत शब्दाकडं पाहत राहिल्या.

सहा तारखेला बद्रीनाथ आले, पानं उतरवली आणि नमस्कार करून गेले. एप्रिल सरला. मेमध्येही बाईंनी तोच शब्द लिहिला. सतरा नंबरकडं टँकर फिरकला नाही. बाईंना वाटलं, जमलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात द्वारकाबाई पहिल्यांदाच पेठेत आल्या. दोन बस बदलून, कमरेला पिशवी, पिशवीत चुरगळलेला कागद. "दाराला चिकटवून गेलेत. वाचा बाई."

विहीर बांधावरची, म्हणजे निम्मी द्वारकाबाईंची आणि निम्मी त्यांच्या दिराची. दिरानं आपलं रान मागंच विकलं होतं. घेणाऱ्या बिल्डरला तिथून इमारतीपर्यंत रस्ता काढायचा होता आणि मधे विहीर होती. कागद म्हणत होता, सदर विहीर कोरडी असल्याने ती बुजवण्यास परवानगी मिळावी, हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे. पुराव्यादाखल 'पाणवठा' संस्थेच्या नोंदवहीतल्या दोन महिन्यांच्या नोंदी. खाली अर्जदारातर्फे सही, तीच वळणदार.

"कोरडी कोन म्हनालं?" द्वारकाबाईंनी विचारलं. "आवो, काल सांच्याला मी त्यातूनच घागर भरलीया."

"मी म्हणाले," श्यामलाबाई बोलल्या.

द्वारकाबाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला इचारायचं तरी हुतं, बाई. हीर माजी हुती."

त्याच दुपारी बाईंनी श्रीधररावांसमोर कबुली दिली. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "आता कुणी विचारलं, की बाकीच्या बारा वर्षांच्या नोंदी खऱ्या कशावरून, तर मी काय सांगू?"

"सांगा, मोजून बघा. आणि विहीर बुजायच्या आत बघा."

हरकत दाखल झाली आणि पाहणीचा दिवस ठरला. मेच्या शेवटच्या दिवशी, कडक उन्हात, सरकारी साहेब, दोन पंच, श्रीधरराव, वस्तीतल्या बायका आणि बद्रीनाथ असे सगळे विहिरीभोवती गोळा झाले. ढगांचा पत्ता नव्हता. बाईंनी टेपला खडू फासला. वजन खाली गेलं आणि पाण्यावर 'डुब्' वाजलं. ते सगळ्यांनी ऐकलं.

"एकवीस फूट," बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं. "विहीर अडतीस फूट. पाणी सतरा फूट. एप्रिल आणि मेच्या नोंदी खोट्या आहेत. त्या मी केल्या, संस्थेनं नाही."

साहेब भले गृहस्थ होते. टेप त्यांनी स्वतः पाहिला, पंचांना दाखवला आणि विहीर बुजवता येणार नाही असं लिहून घेतलं. बायकांमध्ये हलकी कुजबुज उठली, एक म्हातारी हसलीसुद्धा. एवढ्यात बाईंची नजर पलीकडं गेली. बद्रीनाथ छोट्या वहीत काहीतरी टिपून घेत होते.

वही मिटून ते पुढं आले. चपला काढल्या नव्हत्या, पण आवाजात तीच अदब होती. "साहेब, आमची काही तक्रार नाही. रस्ता दुसरीकडून काढू. विहीर बुजवायची नाही म्हणता, मग आपली आज्ञा शिरसावंद्य. निम्मी विहीर आमची आहे, ती वापरू. निम्मं पाणी तर हक्काचंच झालं." मग बाईंकडं वळून म्हणाले, "बाई, बरं झालं आपण खुलासा केलात. मे महिन्यात सतरा फूट! ही तर यादीत एक नंबरला यायला हवी."

साहेबांनी कागदाची घडी घातली. कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठावर पंप बसला. रबरी नळी पाण्यात उतरली, ती अजगरासारखी जाड होती. द्वारकाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "पंपाला निम्मं कळतं का वो?"

"नाही. टेपला कळतं. मी रोज येते मोजायला. निम्म्याच्या खाली गेलं की त्याच आकड्यावर साहेबांकडं जाऊ."

"आन तुमचा आकडा ते ऐकतील?"

बाई रोज येत राहिल्या, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. साडेबावीस. चोवीस. सव्वासव्वीस. रोज आकडा मोठ्यानं म्हणत, द्वारकाबाईंचा अंगठा घेत, तारीख घालत. साडेएकोणतीसला निम्मं संपणार होतं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि पेरूची पानं कडेनं वळायला लागली होती.

सहाव्या दिवशी खडू एकतीस फुटांवर ओला झाला. बाईंनी आकडा सांगितला, अंगठा घेतला आणि तशाच साहेबांच्या कचेरीत गेल्या. साहेबांनी कागद नीट वाचला. बराच वेळ ते पेनाचं टोपण उघडत आणि लावत होते.

"बाई, मला वैयक्तिक तुमच्यावर विश्वास आहे," ते शेवटी म्हणाले. "पण या नोंदीवर पंप थांबवला, तर समोरचा तुमच्याच तोंडची कबुली पुढं करील. खोटी नोंद केल्याचं तुम्ही पंचांसमोर सांगितलंय. मला स्वतंत्र मोजणी मागवावी लागेल. पंधरा दिवस धरून चाला."

पंधरा दिवस. विहिरीत सात फूट पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई पुन्हा बांधावर पोचल्या. सहा घरांच्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. पंप चालू होता. त्याच्याजवळ बसलेल्या माणसानं बाईंना पाहिलं आणि आकडा नीट ऐकू यावा म्हणून पंप घटकाभर बंद केला.

द्वारकाबाईंनी विचारलं, "किती?"

बाईंनी टेप वर ओढला, खडू पाहिला आणि रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साडेतेहतीस."

माणसानं आकडा लिहून घेतला आणि पंप पुन्हा चालू केला.