भवानीचं नाणं

दिवसाचं पहिलं नाणं हातात पडलं की मावशी ते आधी उजव्या डोळ्याला लावायची, मग डाव्याला, मग टोपलीच्या काठाला, आणि मगच ते कमरेच्या बटव्यात जायचं. कळव्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि मावशी समोरच्या फूटपाथवर मासळी घेऊन बसायची, त्यामुळे सकाळी शटर वर करता करता हा सोहळा मला रोज दिसायचा. भवानीचा पैसा डोळ्यांना लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रिक्षावाले लावतात, भाजीवाले लावतात. पण मावशी नुसतं टेकवून मोकळी व्हायची नाही. डोळे मिटून, नाणं पापणीवर दाबून ती जरा वेळ तशीच राहायची.

त्या नाण्यावर काय काय असतं याची मला धंद्यामुळे फार काळजी. कुणी तंबाखू मळलेल्या बोटांनी ते दिलेलं असतं, कुणी हातात शिंकून त्याच हातानं. वर मासळीचं पाणी. मी मावशीकडून सुट्टे घ्यायचो, पण ते गल्ल्यात टाकण्याआधी साबणाच्या पाण्यात धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घालायचो. यावरून अख्खा बाजार मला हसत असे. मावशी तर गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायची, की या मेडिकलकडे पैशाला पण आंघोळ असते. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. मी तिच्या लेखी 'मेडिकल'च.

मी तिला जंतूंबद्दल सांगून पाहिलं. डोळ्यांना कशाला, कपाळाला लाव, असा मधला मार्गही सुचवला. ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची,

"लक्षुमी हाय ती. तिला कसला आलाय रोग?"

आमच्या अभ्यासक्रमात याला उत्तर नव्हतं.

आणि रागावणार तरी कुठल्या तोंडानं? दुकान नवं होतं तेव्हा मी सकाळपासून काउंटरवर माश्या मारत बसायचो. तेव्हा ही बाई रोज टोपली मांडून झाली की रस्ता ओलांडून यायची आणि डोकेदुखीची एक गोळी घ्यायची. तिचं डोकं कधी दुखत नव्हतं. माझी भवानी व्हावी म्हणून तिचा हा उद्योग, कारण आपला हातगुण चांगला आहे यावर तिचा ठाम विश्वास होता. दिलेलं नाणं मी डोळ्यांना लावतो की नाही हे बघायला ती थांबायची. मी ते कपाळापर्यंत न्यायचो. तेवढ्यावर ती मला सोडून द्यायची.

मागल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिना-दीड महिना डोळ्याला हात लावायचा नाही, बाजारात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी आठवड्याभरातच काळा चष्मा लावून हजर झाली. फूटपाथवरची जागा रिकामी राहिली की दुसरं कुणीतरी पथारी पसरतं, आणि मदतीला येणारी तिची सून एकटी पडली असती. सून हुशार. तिनं टोपलीशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा केला आणि सासूला सांगितलं, की तुम्ही नुसत्या बसा, बोला, पैशाला हात लावू नका. पैसे जमा झाले की छोटा स्पीकर बोलायचा. मावशी त्याच्याकडे अविश्वासानं बघायची. मला मात्र हायसं वाटलं होतं.

एका सकाळी ती दुकानात आली आणि डोळा खुपतोय, एखादी बाटली दे म्हणाली. मी चष्मा काढायला लावला. डोळा लालभडक, पापणी सुजलेली, कडेला पू. हात लागला होता का, असं मी विचारलं. तिनं हळू आवाजात सांगितलं. दोन दिवसांपूर्वी तिचं जुनं गिऱ्हाईक, फोन न वापरणारे एक आजोबा, सकाळी सगळ्यांच्या आधी आले. सून बर्फ आणायला गेली होती. आजोबांनी नाणं हातावर ठेवलं, आणि हात आपोआप चष्म्याच्या आत गेला.

मी औषध दिलं नाही. शटर ओढलं, सुनेला हाक मारली आणि तिघं रिक्षानं डोळ्यांच्या दवाखान्यात निघालो. वाटेत मावशीनं माझं मनगट धरलं.

"डोला जाईल काय रं?"

मी नाही म्हणालो. मला खात्री अजिबात नव्हती. मी फार घाबरलो होतो.

डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, पुन्हा ऑपरेशन केलं. अमक्याच नाण्यानं झालं असं सांगता येत नाही, पण न धुतलेला हात आत गेला एवढं नक्की, असं ते म्हणाले. त्या डोळ्याला आता उजेड तेवढा कळतो. हे कळलं तेव्हा मी पलंगाजवळ उभा होतो. ती मला म्हणाली,

"लक्षुमीला बोल लावू नको हां. हात माजा व्हता."

आता फूटपाथवर सून बसते. धंदा बरा चालतो. दुकान उघडताना समोर बघायची माझी सवय अजून गेलेली नाही, आणि मला मावशीची फार आठवण येते.

परवा खाडीकडच्या त्यांच्या घरी गेलो. मावशी दारात पाटावर बसून कोळंबी सोलत होती. मी तिच्या उजव्या बाजूनं आलो आणि जवळच्या पायरीवर बसलो. ती सोलतच राहिली. स्वतःशी काहीतरी पुटपुटली, परातीत बोटं फिरवून राहिलेली कोळंबी शोधू लागली. मग माझ्या लक्षात आलं. मी आवाज न करता उठलो आणि पलीकडे, डाव्या बाजूला जाऊन बसलो. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"कवा आयलास रं, मेडिकल?"

"आत्ताच," मी म्हणालो.