मास्तरणीचा उजवा हात

आमच्या गल्लीत ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याच्या डाव्या खांद्याला कधी ना कधी मास्तरणीच्या कोपराचा ठोसा बसलेला आहे. मलाही बसलाय. परवान्यावर चेहऱ्याऐवजी त्या खांद्याचाच फोटो लावायला हवा, असं माझं मत आहे. पण मला विचारतो कोण!

मास्तरीण म्हणजे माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. गाडी शिकवायची तिची शाळा आहे. शाळा म्हणजे काय, तर एक पांढरी छोटी गाडी, टपावर लाल अक्षरांची पाटी आणि डाव्या सीटवर ही. हिच्या पायाखालीही एक ब्रेक बसवलेला. शिकणाऱ्याचा पाय चुकला की हिचा पडतो. शिकणाऱ्याचा हात चुकला की हिचा उजवा हात कुठून येतो कळत नाही, पण स्टिअरिंग धरतो, आणि जाता जाता तुमचा खांदा शेकून काढतो.

त्या उजव्या हाताचे लाड तर विचारू नका. बादली उचलायची डाव्याने. भाजीची पिशवी डाव्याने. नवऱ्याला टपली मारायची, तीसुद्धा डाव्याने. मी म्हटलं, "अगं, निदान टपली तरी जरा जोर लावून मार."

"उजवा कामासाठी ठेवलाय," म्हणाली. म्हणजे नवऱ्याला ती कामात धरत नाही, हे एक कळलं.

जीभ मात्र ती कोणासाठी राखून ठेवत नाही. निवृत्त फौजदारकाका तिच्याकडे शिकायला आले. उभा जन्म मागच्या सीटवर बसून काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी ते विजेच्या खांबाच्या दिशेने निघाले, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "काका, तो खांब फरारी नाहीये. त्याला पकडू नका." काका आजही तो खांब आला की गाडीतून सलाम ठोकतात.

मला तिने शिकवलं तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. घरात हशा पिकला. आमचे हे म्हणाले, "तू गाडी चालवणार? मग त्या वेळात बोलणार कोण?" मी चालवताना बोलायचे, म्हणून मास्तरणीने माझं नाव ठेवलं रेडिओ. वळण आलं की हुकूम सुटायचा, "रेडिओ बंद!" वळण संपलं की मी पुन्हा सुरू. पण तिने मला शिकवलं, म्हणून माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात मी दर आठवड्याला तिच्याकडे जाऊ शकले. तिच्या घराकडे धड बस जात नव्हती. मी जायचे, तिचे केस विंचरायचे, आणि अंधार पडायच्या आत स्वतः गाडी चालवत परत यायचे. ते उपकार मी मास्तरणीला कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते तर म्हणाली असती, "आरशात बघ आधी."

तर अशा या बाईला पोटात गाठ झाली. गाठ साधी निघाली, पण काढताना गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली. तेव्हा तिला चाळिसावंसुद्धा लागलं नव्हतं. आम्ही बाकीच्या बायका पाळी जायच्या वयाचा जिना पायरी पायरीने उतरतो, कुरकुर करत, कठड्याला धरून. हिला एकदम वरच्या मजल्यावरून खाली ठेवून दिलं. भर सकाळी घामाच्या धारा, डोळ्याला डोळा नाही, आणि बोलता बोलता साधे शब्द हरवायचे. एकदा शिकणाऱ्याला म्हणाली, "तो टाका... तो... अहो, तो दांडा!" गिअर हा शब्द तिला आठवेना. ज्या बाईने अर्ध्या गावाला गिअर शिकवला, तिला!

मग डॉक्टरीणबाईंनी तिला जेल दिलं. अंगात बायकांचं जे हार्मोन बनायचं थांबलं होतं, ते आता बाहेरून, कातडीतून द्यायचं. बाटलीचं डोकं दोनदा दाबायचं, येईल ते दंडावर पसरून चोळायचं आणि सुकू द्यायचं. दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, हेही बजावून सांगितलं होतं.

आता गाडीत हिचा उजवा दंड दिवसभर कोणा ना कोणाच्या खांद्याला घासणार. म्हणून हिने ठरवलं, उजव्याला जेलचा थेंबही नको, सगळं डाव्याला. खिडकीकडचा हात, कोणाला लागायची भीती नाही, वरून उन्हासाठी लांब बाही. मी म्हटलं, "बरं केलंस. नाहीतर फौजदारकाका एखाद्या दिवशी नाजूक आवाजात खांबाला सलाम करायचे."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. हळूहळू झोप परत आली, शब्द परत आले, कोपरही परत आलं. गल्लीतल्या खांद्यांना पुन्हा बरे दिवस आले, म्हणजे वाईट दिवस आले. मला तर भिंतीपलीकडून तिच्या नवऱ्याचं "आई गं" ऐकू आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, टपल्या सुरू झाल्या, बाई बरी आहे.

मग आली रक्ताची तपासणी. औषध अंगात किती मुरतंय ते बघायला डॉक्टरीणबाईंनी करायला सांगितली होती. मास्तरीण वेळेची पक्की. सकाळी अंघोळ, मग जेल, मग लॅब उघडायच्या आधी दारात हजर, आणि तिथून थेट पहिल्या शिकाऊकडे.

रिपोर्ट आला, तर हार्मोनचा आकडा आभाळाला टेकलेला. जितका हवा त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंनी औषध निम्म्यावर आणलं.

ते निम्मं झालं आणि मास्तरीणही निम्मी झाली. पुन्हा घाम, पुन्हा रात्रभर पंख्याकडे बघत पडणं. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा पुन्हा वरच! आकडा म्हणतोय औषध जास्त होतंय, आणि बाई अशी दिसतेय जणू औषधाचा वाससुद्धा मिळालेला नाही.

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. बँकेतली एक मुलगी शिकत होती. वळणावर आडवा सायकलवाला आला, मुलगी गोंधळली, आणि मास्तरणीचा पाय ब्रेकवर पडला, पण पडायला हवा तेव्हा पडला नाही. सायकलवाला कसाबसा वाचला. भरघोस शिव्या देऊन गेला, म्हणजे धडधाकट होता. पण मास्तरणीने गाडी तिथेच कडेला घ्यायला लावली, खाली उतरली, टपावरची पाटी काढली, मुलीला बाजूला बसवून स्वतः चालवत घरी आली आणि गाडीवर कापड टाकलं.

मी अंगणाच्या भिंतीवरून डोकावले. "पाटी का गं काढलीस?"

"उशिरा पडला."

"कोण?"

"पाय."

तिने कापडाच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारल्या. रोज झाकणारा माणूस अशा गाठी मारत नाही.

"उद्या काढशील की," मी म्हटलं.

"दुसऱ्याची मुलं माझ्या पायाच्या भरवशावर रस्त्यावर उतरतात," ती म्हणाली. "पायाचा भरवसा नसेल तर ती सीट माझी नाही."

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी तिच्याबरोबर मी गेले. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. भला माणूस, पण बोलण्याच्या बाबतीत त्याची चावी संपलेली. निघताना मला एवढंच म्हणाला, "वहिनी, तुम्ही जा. तुम्ही बोलाल तरी." माझ्या बोलण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कोणी चांगलं काही म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले होते. एकदा त्यांच्याकडे बघायच्या, एकदा मास्तरणीकडे.

"आकडा सांगतो औषध फार होतंय," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा सांगतो पुरत नाहीये. दोघांपैकी कोणीतरी चुकतंय."

"मी चुकत असेन," मास्तरीण म्हणाली. "जेल बंद करायचं तर करा. तसंही मी शाळा बंद करतेय."

'करतेय' म्हणाली. घरी कोणाला बोलली नव्हती, मलाही नाही. आणि मला माहीत नाही म्हणजे खरोखर कोणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघायचा पट्टा उचलला. "काही दिवस बंद करून बघूया. हात द्या."

मास्तरणीने डावी बाही वर सरकवली.

आता मला काय होतं सांगू? घाबरले की माझी जीभ सुटते. रडण्यापेक्षा बरं. मी म्हटलं, "बघा डॉक्टर, पुन्हा डावाच! हिचा उजवा हात म्हणजे घरचा जावई. त्याला कोणी काम सांगायचं नाही. बादली, डाव्याने. टपली, डाव्याने. तुमचं जेल चोपडायचं, डाव्याला. रक्ताची सुई टोचायची, तीही डाव्यालाच. बिचारा डावा एक दिवस संपावर जाणार."

"रेडिओ बंद," मास्तरीण पुटपुटली.

"नाही नाही, बंद नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पट्टा त्यांच्या हातातच राहिला. "शेवटचं परत सांगा."

"संपावर जाणार?"

"त्याच्या आधीचं."

मी सांगितलं. त्या मास्तरणीकडे वळल्या. "रक्त द्यायला जाता त्या दिवशी जेल कधी लावता?"

"अंघोळ झाली की लगेच. वेळ चुकवू नका म्हणाला होतात ना."

"आणि कुठपर्यंत?"

मास्तरणीने खांद्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली, ते कोपराच्या खाली येऊन थांबलं. "पसरून लावा म्हणाला होतात."

"आणि सुई इथे." डॉक्टरीणबाईंनी तिच्या कोपराच्या खळीवर बोट ठेवलं. "डाव्या हाताला."

"उजवा लागतो मला. तिथून थेट शिकवायलाच जाते. दुखऱ्या हाताने स्टिअरिंग कसं धरणार?"

डॉक्टरीणबाई खुर्चीला टेकल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मग हसल्या, पण स्वतःलाच. "वेळ चुकवू नका, हे मी सांगितलं. पसरून लावा, हेही मी सांगितलं. पण जिथे जेल लावता तिथून रक्त देऊ नका, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

मग त्यांनी समजावलं, ते माझ्यासारखीलाही कळलं. कातडीवर ताजं जेल असतं. बोळ्याने पुसलं तरी सगळं निघून जातंच असं नाही. सुई त्यातूनच आत शिरते आणि कातडीवरचं थोडं रक्ताच्या नमुन्यात येतं. तेवढ्यानेही आकडा भलताच वर जातो. मग तो आकडा अंगातला राहत नाही, कातडीवरचा होतो.

"म्हणजे माझ्यात जास्त नव्हतंच?" मास्तरणीने विचारलं.

"बहुतेक नव्हतं. उलट मीच कमी केलं. आता एकदा नीट बघू. त्या सकाळी जेल लावायचं नाही, रक्त दिल्यावर लावायचं. आणि रक्त द्यायचं उजव्या हातातून."

मास्तरणीने उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, जणू त्याला कोणी पळवून नेणार होतं.

"दुसरा काही उपाय?" तिने विचारलं.

"अगं ए!" मी म्हटलं. "शाळा बंद करायला निघाली होतीस, आणि एक सुई नको?"

लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या ताईंपुढे तिने तो हात ठेवला आणि तोंड फिरवलं. ट्रक अंगावर येताना पापणी न लववणारी बाई! ताई म्हणाल्या, "अहो, शीर तर या हाताची किती छान आहे! इतके दिवस लपवून का ठेवली?" मी त्यांना जावयाची गोष्ट सांगणार होते, पण मास्तरणीने माझा पाय तुडवला. त्या पायाला अजून जोर होता, हे बघून मला बरंच वाटलं.

रिपोर्ट आला. आकडा कमी, चांगलाच कमी. इतका कमी आकडा बघून इतका आनंद झालेली घरं फार नसतील. डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं डोकं पुन्हा दोनदा दाबायला सांगितलं. मास्तरणीच्या झोपेला यायला थोडे दिवस लागले, पण आली. मग एका सकाळी मी भिंतीवरून बघते तर तिचा नवरा गाडीच्या कापडाच्या गाठी सोडवत बसलेला. घड्याळाचे बारीक स्क्रू काढणारी बोटं, त्यांनाही त्या गाठी सुटता सुटेनात. मास्तरीण शेजारी पाटी घेऊन उभी. "हळू," म्हणत होती. "कापड फाटेल." आणि तो, मुका माणूस, म्हणाला, "फाटू दे. आता कशाला लागतंय?"

आता दर काही महिन्यांनी तिची तपासणी असते. त्या सकाळी जेल नाही, आणि सुई उजव्या हाताला. हात दुखरा असतो, म्हणून त्या दिवशी ती कोणाला शिकवत नाही. तिला लॅबमधून घरी आणायचा मान माझा. माझ्याच गाडीतून, जिच्यात डावीकडे ब्रेक नाही.

परवाही आणलं. मास्तरीण डाव्या सीटवर, उजवा हात दुमडलेला, खळीत कापसाचा बोळा. मुलांच्या शाळेजवळच्या वळणावर एक चेंडू टपटपत रस्त्यावर आला. माझा डावा खांदा आपोआप आखडला, आता कोपर येणार! ते आलं नाही. माझाच पाय ब्रेकवर पडला. वेळेवर. चेंडूमागे एक मुलगी धावत आली, चेंडू उचलला, जीभ दाखवली आणि पळाली.

मी हळूच खाली बघितलं. माझ्याबरोबर बसली की मास्तरीण नसलेला ब्रेक दाबत असते, खालची चटई तिने झिजवलीय. पण आज तिने दोन्ही पाय मागे घेऊन सीटखाली दुमडले होते. निवांत. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या बाईसारखे.

इतक्या वर्षांचे आभार तोंडाशी आले होते, आईचे केससुद्धा आठवले. पण समोर वळण होतं, म्हणून गप्प राहिले.

"काय गं," मास्तरीण म्हणाली, "रेडिओ बिघडला का? बोल की."

"वळणावर?"

"वळणावर."

मी बोलायला तोंड उघडलं, क्लच एकदम सुटला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गचका खाऊन बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. मी घामाघूम होऊन किल्ली फिरवतेय, आणि शेजारी मास्तरीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय. उजवा हात मात्र मांडीवर होता तसाच. जरासुद्धा हलला नाही.