अर्ध्या चेहऱ्याचा घाम

लोहारा गावात पंक्चर काढणारा एक माणूस दुपट्ट्याने नेहमी अर्धाच चेहरा पुसतो. उन्हात त्याची उजवी बाजू लाल होऊन घामाने भिजते, डावी कोरडीच राहते. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्यावर इंग्रजीत लेख छापला. लेख घेऊन तो माझ्याकडे आला, कारण आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि हे मीच सगळ्यांना सांगत असतो.

लेखातल्या फोटोत त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती.

"डोये काहून झाकले, भाऊ? मी काय चोरी केली?"

"तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून."

"अन् मी तं हा फोटो साऱ्याइले दाखवून राह्यलो."

मग आवाज बारीक करून त्याने विचारलं, "ही कोरडी बाजू मरून राह्यली का? बरी होते का नाही, ते कुठी लिहिलं हाये?"

मी लेख पुन्हा पुन्हा वाचला. त्यात घाम होता, तपासण्या होत्या, कारण सापडलं नाही असंही होतं. पण भ्यायचं की नाही, तेच कळेना. माझं बी.ए.चं इंग्रजी तिथेच थांबलं.

"तसं काही लिहिलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

त्याने कागदाची जपून घडी केली.

"मंग अजून लिहून राह्यले असतील."