ट्रकांना लावलेलं घड्याळ

लग्न होऊन खानापूरहून सुप्याकडे आले, तेव्हा माझे यजमान जंगलखात्याच्या नाक्यावर होते आणि मी तिथून तीन मैलांवरच्या मराठी शाळेत बाई. शाळेला चालत जाई. लाकडाचे ट्रक त्या रस्त्यानं असे उधळत की रस्ता जणू त्यांच्या बापाचा. एका सकाळी वळणावर एका मिशीवाल्यानं मला सरळ चरात घातलं. मी छत्रीसकट, डब्यासकट खाली, आणि तो हॉर्न वाजवत पसार.

घरी आल्या आल्या मी यजमानांना सुनावलं, "अहो, ते ट्रक तुमच्याच नाक्यावरून सुटतात. महिनाभरात त्यांना आवरा, नाहीतर मी चालले माहेरी." माझा राग नाकावर असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण या वेळी मला खरंच भीती वाटत होती. दादाला महिन्यानं न्यायला ये म्हणून पत्रही टाकलं.

बिचारे कामाला लागले. आपल्या साहेबांची परवानगी काढून त्यांनी युक्ती केली. लाकूड नेण्याच्या पासावर ट्रक सुटल्याची वेळ घालायची. पुढच्या नाक्यावर तो अर्ध्या तासाच्या आत पोचला, तर वेळ भरेपर्यंत रस्त्यावरचा आडवा दांडा उघडायचा नाही. दंड नाही, वाद नाही. भांडायचं तर घड्याळाशी भांडा.

मी खूश. पण आठवडा गेला तरी ट्रक तसेच! रविवारी पुढच्या नाक्यापर्यंत गेले तेव्हा उलगडा झाला. नाक्याच्या अलीकडे एका अक्काचं चहाचं दुकान होतं. ट्रक तिथवर सुसाट यायचे आणि ड्रायव्हर बाकड्यावर पाय पसरून उरलेली वेळ काढायचे.

"तुमच्या मालकांनी माझं भलं केलं की वो बाई," अक्का म्हणाली. "भजी पुरंना झाल्यात."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

शाळा दोन्ही नाक्यांच्या बरोबर मध्ये होती आणि भिंतीवर घड्याळ होतं. मी म्हटलं, मधली वेळ मी घालते. साहेब हसले, पण हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर पास घेऊन वर्गाच्या दारात. पायताण बाहेर काढायचं आणि पाव तासाच्या आत आलं तर उरलेला वेळ पोरांबरोबर पाढे म्हणायचे. मगच माझी सही. तो मिशीवाला एकोणतीसच्या पाढ्यात असा अडकला की पोरं हसून लोळली. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

महिना भरला आणि दादा आला. रस्त्याची धास्ती माझ्या मनातून अजून गेली नव्हती, म्हणून जाते असं शाळेत सांगून यायला सकाळी आम्ही दोघं निघालो. मागून ट्रकचा आवाज आला, तशी मी सवयीनं चराकडे पळाले. ट्रक पुढे येईचना. मिशीवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"रस्त्यावर या की बाई. सावकाश चला. शाळंपातूर मला अजून धा मिंटं काढायची हायत."

मी रस्त्यावर आले आणि ऐटीत चालू लागले. ट्रक मागून गुरगुरत येत होता. त्या मुलखात इतकं सुख मला पहिल्यांदाच वाटलं.

"मग सामान कधी बांधतेस?" दादानं विचारलं.

"तू एकटाच जा," मी म्हटलं. "इथं माझ्या सहीशिवाय ट्रक सुटत नाहीत."