धुवायचं पाणी

ज्या माणसाकडे मी फोटोचं काम शिकलो त्याला मी इथे अहोजाहो करणार नाही. तोंडावर पुष्कळ केलं, तेवढं पुरे झालं. अकोल्यात त्याचा स्टुडिओ होता आणि त्याला सगळे मास्तर म्हणत. खादी घालायचा, सभांमधून समतेवर बोलायचा आणि बोलताना डोळे मिटून घ्यायचा. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाला, "आमच्या इथं तसलं काही चालत नाई." दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मोठ्यांदा, हे मला पुढे कळलं.

मला हे काम शिकायचं होतं त्याला कारण होतं. माझा बाप फोटोशिवाय गेला. जाऊन काही वर्षं झाली आणि त्याचं नाक कसं होतं यावरून माझं आणि आईचं भांडण जुंपलं. ती म्हणे सरळ, मी म्हणे बसकं. दाखवायला काहीच नव्हतं. दोघंही रडकुंडीला आलो. आईचं तरी असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. ती बाळापूरकडच्या आमच्या गावात निंदणाला जायची. तिचा एक फोटो मला पाहिजे होता, माझ्या हातचा.

मास्तरची डार्करूम म्हणजे पूर्वीची सरकी ठेवायची कोठी. दाराला गोधडी, आत तांबडा दिवा, आणि उन्हाळ्यात नुसती भट्टी. चित्र उमटवणारा डेव्हलपर तापला की काचेच्या प्लेटवरचा थर दुधावरची साय सरकावी तसा सरकून जायचा आणि नवरदेवाचं तोंड ट्रेमध्ये तरंगायचं. म्हणून बर्फ लागे. भुश्शात गुंडाळलेली लादी मी खांद्यावरून आणायचो, फोडायचो आणि ट्रेभोवती रचायचो. माझ्या खांद्यावरचा बर्फ चालायचा. तो वितळल्यावर त्याचं काय होतं, हा विचार मास्तरने कधी केला नसावा.

शिकवायचा मात्र चांगलं, उगीच खोटं कशाला बोलू. फक्त शिवी दिल्याशिवाय त्याला शिकवता येत नसे. "अबे, कावून इतका हालवून राहिला? चहा गाळून राहिला का तू?" असं म्हणत तो माझं मनगट धरायचा आणि ट्रे किती हळू हलवायचा ते दाखवायचा. त्या तांबड्या उजेडात त्याचा हात आणि माझा हात एकाच रसायनात बुडालेले असायचे. पांढऱ्या कागदावर आधी भुवया यायच्या, मग केस, मग पागोट्याची कड, आणि मग एकदम माणूस. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो होतो. तो आनंद मला या माणसाकडून मिळाला, याचाही मला राग आहे.

आमच्याकडे गिऱ्हाईक फोटो 'धुवून द्या' म्हणतं. सगळ्या कामाला तोच एक शब्द. रोल धुवायचा, फोटो धुवायचा, "धुणं कधी मिळंल?" आणि मला त्यातलं खरोखरीचं धुणं तेवढं कधी करू दिलं नाही. उमटलेलं चित्र पक्कं करायच्या रसायनातून, म्हणजे हायपोमधून, कागद काढला की बादलीत टाकायचा आणि बादली मागच्या दारात ठेवायची. पुढचं मास्तरचा पुतण्या करायचा. दुकानाला लागूनच मास्तरचं घर होतं; मागच्या अंगणात विहीर होती, विहिरीला लागून सिमेंटचं टाकं, आणि घरची प्यायची घागर त्याच विहिरीवर भरायची. डार्करूममध्ये लागणारं पाणीसुद्धा पुतण्याच आणून ठेवी.

एकदा मी म्हटलं, "मास्तर, धुणंही शिकतो ना."

"धुवाचं काम तुले काय कराचं हाय?" तो म्हणाला. "तू हुशार. तू आतलं काम पाह्य. धुणं त्या ढ पोट्ट्याचं."

मी फुगलो. खरंच फुगलो! वस्तीत जाऊन सांगितलं की मला मास्तर हलकी कामं सांगत नाही. आता आठवलं की अंगाची लाही होते.

मग एका उन्हाळ्यात आईला अकोल्याला आणलं. तिने धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि मोठ्या कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर ती अगदी कडेला टेकली, जणू कोणी उठवेल. मास्तरने फोटो मला काढू दिला. त्या दिवशी तो खुशीत होता. आईला म्हणाला, "गोरी करून देऊ का, बाई?" निगेटिव्हच्या प्लेटवर बारीक पेन्सिल फिरवली की तेवढा भाग कागदावर पांढरा उतरतो, लग्नाच्या पोरींचे फोटो सगळे असेच निघायचे, साऱ्या एका आईच्या लेकी दिसायच्या.

आई म्हणाली, "नाई जी. मले माहंच तोंड पाह्यजे."

प्लेट मी केली, कागदही मीच छापला. ट्रेमध्ये आई आली. कपाळावरची जखमेची खूण, एका बाजूला किंचित झुकलेली मान, सगळं जिथल्या तिथं. हायपोतून कागद काढला आणि मागच्या दाराशी आलो, तर पुतण्या नव्हता. तो लग्नाला तिवशाला गेलेला. मी सरळ टाक्याशी गेलो आणि बादली भरायला विहिरीच्या दोराला हात घातला.

मास्तरची बायको, मास्तरीणबाई, स्वयंपाकघरातून ओरडली. शब्द सांगत नाही. ते शब्द मी माझ्या लेखणीने पुन्हा लिहिणार नाही. घागरी उपड्या केल्याचा आवाज आला. मास्तर बाहेर आला आणि माझ्यावर ओरडला नाही, हेच जास्त वाईट. हळू आवाजात, डोळे मिटून म्हणाला, "मी मानत नाई, तुले माहीत हाय. पण घरातल्या बायामाणसांचं कसं असते. तू समजदार हायस."

मी समजदार नव्हतो. मी त्याला म्हणालो, "मास्तर, अंधारात तुमचा हात माह्या हातावर असते, तवा बाया कुठं असतात?"

त्यावर त्याने डोळे उघडले. "निघ," एवढंच म्हणाला.

"माह्या आईची प्लेट द्या."

"प्लेट स्टुडिओची असते."

आईने पुढच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातातला ओला कागद घेतला, पदरात धरला आणि म्हणाली, "चाल बाबू. आपल्या घरी धुवू." मोटारीतून गावी पोचेपर्यंत कागद वाळून गेला होता. गावात पाण्याचे हाल होते. तरी तिने प्यायच्या मडक्यातलं पाणी परातीत ओतलं आणि मला म्हणाली, "धू." मी कागद दोनदा खालीवर केला आणि काढला. धुणं म्हणजे तेवढंच असणार असं मला वाटलं. कुठून कळणार? फोटो स्वच्छ दिसत होता. आईने तो बुद्धाच्या तसबिरीखाली लावला आणि येईल त्याला दाखवला.

पुढे मला अमरावतीला सरकारी खात्यात फोटोग्राफरची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी मला फोटो धुवायला सांगितले. मी बुडवले आणि काढले. ते हसायला लागले. "अहो, सगळं येतं आणि धुणं येत नाही? हायपो राहिला की तो चित्र खातो. तासभर पाणी बदलत राहायचं." नळ सोडलेला होता. मी त्या वाहत्या पाण्यात हात घालून उभा राहिलो आणि मला परातीत दोनदा बुडवलेला आईचा फोटो आठवला. सुट्टी काढून गावी गेलो तेव्हा आईच्या फोटोची कड पिवळी पडायला लागलेली होती. पुन्हा धुतला, उपयोग झाला नाही. वर्षागणिक तो पिवळा डाग आत सरकत गेला. मी त्याची कॉपी काढून पाहिली, तर डाग ठळक आला आणि आई पुसट. मग आई गेली. तोवर फोटोतलं कपाळ गेलं होतं.

आता ती प्लेट तेवढी उरली होती. मान खाली घालून मी अकोल्याला गेलो. मास्तर थकला होता, पण मला पाहून उठून उभा राहिला. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "हे माह्ये विद्यार्थी. सरकारी फोटोग्राफर हायेत. या हातानं शिकवलं." आता तो मला तुमी म्हणत होता.

मी प्लेट मागितली.

"जुन्या प्लेटी?" तो हसला. "त्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकून साफ केल्या. काच चांगली होती ना, फ्रेमांले कामी आली."

त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, त्याचाच फोटो होता. मीच छापलेला, पुतण्याने विहिरीवर धुतलेला. इतक्या वर्षांत त्याच्यावर पिवळा ठिपका नव्हता. एकेक भुवई मोजून घ्यावी. वर काच होती, स्वच्छ पुसलेली. ती काच कुठली, हे मी विचारलं नाही. विचारून त्यानं खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

तेवढ्यात मास्तरीणबाई स्वतः बाहेर आली आणि तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला. "घ्या साहेब. विहिरीचं हाय, थंडगार."

मी पेला घेतला नाही. मास्तरकडे पाहून म्हणालो, "पाणी मले त्या दिवशी पाह्यजे होतं."

"कोण्या दिवशी?" मास्तरने विचारलं.