फॅक्सकाका आणि दुसऱ्या मजल्यावरचा बाक

विचारणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं फॅक्सकाकांना कधी जमलं नाही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या हॉस्पिटलात विमा कंपन्यांच्या मंजुऱ्या तेव्हा फॅक्सवर यायच्या, आणि नामंजुऱ्याही. नामंजुरी आली की काका नातेवाइकांना सांगायचे, “आणखी एक कागद मागू राहिले. लावून बघू.” एवढं बोलून वर चहा पाजायचे. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळायचंच, पण धक्का हळू बसायचा.

ते मूळचे कन्नड तालुक्यातले. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या विमा विभागात मशीन वाजलं की हातातला चहा ठेवून उठणार. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद सारखा गुंडाळला जायचा, म्हणून शर्टाच्या आत पोटाशी सपाट धरायचे आणि जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर जायचे. तिथं ऑपरेशनच्या वॉर्डाबाहेर एक लांब बाक होता. पेशंटची माणसं त्यावर जीव मुठीत धरून बसलेली असायची. त्यांना काकांचं पहिल्याच दिवशी सांगणं असे, “खाली खेटे मारू नका, कुणाला विचारू नका. कागद आला की मी घेऊन येतो.” आणि ते येत.

आम्ही चेष्टा करायचो. वॉर्डात फोन केला तर गुडघे वाचतील, असं मीच त्यांना कितीदा सांगितलं. “फोनवर सांगितलं तर माणूस उभाच राहतो, माय,” ते म्हणायचे. “हातात कागद दिला की खाली बसतो.”

मग मॅनेजरसाहेबांनी फॅक्स थेट ईमेलवर घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडं आलं. नंबर जुनाच ठेवला. त्यावर आलेला फॅक्स आता कागदावर न उतरता मेलमध्ये येणार, टेबलावरचा कारकून तो उघडून नोंद करणार आणि अर्जावरच्या मोबाइलवर मेसेज जाणार. चाचणीचा फॅक्स समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठवला. तो स्क्रीनवर उमटला तेव्हा सगळे खूश झाले. काका वाकून बघत राहिले. “लई झकास,” ते म्हणाले. “पण वर कोण नेऊन देणार?”

“मेसेज जातो ना, काका.”

“जाईल. बाकापर्यंत जातो का तेवढं बघ.”

त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. जुनं मशीन भंगारात गेलं. सिस्टिम अधूनमधून बिघडली असती तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं. ती एकदाही बिघडली नाही.

पुढं काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं. त्यांना आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं. कर्मचाऱ्यांच्या विम्यात त्या बसत होत्या, अर्ज गेला, फक्त मंजुरी यायची होती. पैसे स्वतः भरण्याची काकांची ऐपत नव्हती. त्या दिवशी मी चितेगावला एका कंपनीच्या कामगारांची विमा कार्डं करायला गेले होते. काका सकाळीच दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाकावर जाऊन बसले.

मंजुरी दुपारच्या आत आली. नव्या कारकुनानं मेल उघडला, नोंद केली, मेसेज पाठवला. वॉर्डात कळवणं त्याच्या कामात नव्हतंच, त्याचं काहीच चुकलं नाही. काका मोबाइल वापरत नसत, म्हणून अर्जावर नंबर काकूंचा होता, आणि तो फोन त्यांच्या उशाजवळच्या पिशवीत बंद पडलेला होता. काका मात्र कुणीतरी कागद घेऊन जिना चढेल म्हणून थांबले होते. एक मजला उतरून विचारलं असतं तर कळलं असतं. पण जन्मभर लोकांना सांगितलेला नियम ते स्वतः कसे मोडणार? संध्याकाळपर्यंत कुणीच वर आलं नाही, तेव्हा त्यांनी मनाशी ताडलं की नामंजुरी आली आहे आणि खालच्या पोरांना ती सांगवत नाही. त्यांना स्वतःला कधी सांगवलं होतं? पोरांना उगाच अवघडायला नको, म्हणून ते विचारायलाही गेले नाहीत. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी थांबा म्हणून परोपरीनं सांगितलं. “आणखी एक कागद मागू राहिले,” काका म्हणाले, “लावतो, मग घेऊन येतो.” स्वतःच्या जबाबदारीवर नेतो अशी सही करून त्यांनी काकूंना जीपनं कन्नडला नेलं. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

दिवसकार्य आटोपून काका आले ते डोकं भादरलेलं, टोपी हातात.

“माय, कागद आला होता का?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. मी मेल उघडून दाखवला. तारीख, वेळ, मंजूर, सगळं स्वच्छ होतं. “एक छापून दे,” ते म्हणाले. प्रिंटरचा साधा, ताठ कागद होता, तरी त्यांनी तो सवयीनं शर्टाच्या आत सपाट धरला आणि जिन्याकडं वळले. मला राहवेना, मी मागोमाग गेले.

बाकावर नेहमीसारखी माणसं होती. काका त्यांच्यातच टेकले आणि कागद काढून मांडीवर ठेवला. तो पाहून शेजारची एक बाई धडपडत उठली. “काका, आमचा आला का हो?”

काकांनी कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“नाय,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.