तिला इचारलं का?

आमच्या कॉलेजच्या संग्रहालयाचं कुलूप काढलं की मावशी आधी दारावर दोनदा टकटक करायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या.

"मावशी, रिकाम्या खोलीचं दार कशाला वाजवता?" मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी पीएच.डी. परत करावीशी वाटली.

"रिकामी कुठं हाय सर? बाई हाय ना आत."

संग्रहालय म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. गेवराई तालुक्यातलं आमचं छोटं कॉलेज, त्याच्या वाचनालयामागची एक खोली. तिच्यात दोन वीरगळ, निजामाच्या काळातली नाणी, टोपलंभर खापरं आणि मधोमध काचेच्या पेटीत एका स्त्रीचा सांगाडा. गावाबाहेरच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे मोडलेल्या वस्तीच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीचा पाया खणताना तो निघाला होता. मी इतिहासाचा प्राध्यापक. सगळ्या अर्जविनंत्या करून तो कॉलेजात आणला, याचा मला कोण अभिमान! पाटीही मीच रंगवून घेतली होती: 'नमुना क्र. ७. मानवी सांगाडा, स्त्री.'

मावशी त्याच गावच्या, तलवाड्याच्या. आमच्याकडे शिपाई होत्या. खांद्यावर फडकं आणि तोंडात सतत प्रश्न.

"नमुना म्हंजे काय, सर?"

"म्हणजे... सॅम्पल."

"शांपूचं फुकट मिळतं, तसं?"

यावर काय बोलणार? तुम्हीच सांगा.

पोरं त्या पेटीपाशी सेल्फी काढायला यायची. मावशी झाडू आडवा धरून उभ्या राहायच्या. "तिला इचारलं का?"

"मावशी, ती मेलीय की."

"तुजी आजी मेली, तवा काढला व्हता का असा फोटू, दात इचकून?" पोरगं मोबाइल खिशात घालून सरळ वर्गात. त्या दिवशी माझ्या तासाला हजेरी जरा बरी होती.

एकदा मी त्यांना समजावायला बसलो. म्हटलं, मावशी, या हाडांवरून खूप कळतं. ही काय खायची, कशानं आजारी पडली. हिच्या मानेचे मणके बघा कसे झिजलेत. आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली असणार.

मावशी पेटीवर वाकल्या. नकळत त्यांचा हात स्वतःच्या मानेवर गेला. "आमचं बी तेच," त्या म्हणाल्या. मग फडकं झटकत उठल्या. "एवढं कळलं ना तुमाला? मग आता कशापायी उघडी ठिवलीय?"

मी कपाट आवरू लागलो.

पुढं कॉलेजच्या तपासणीला समिती यायची ठरली. प्राचार्यांना कल्पना सुचली, की पेटी थेट दर्शनी भागात ठेवायची, वरून दिव्यांचा झोत सोडायचा. पाहुणे आत आले, की पहिल्या झटक्यात गार! मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडलं होतं.

तपासणीच्या सकाळी येऊन बघतो, तर पेटीवर इस्त्रीची पांढरी साडी अंथरलेली. निळ्या काठाची. मावशी ती फक्त जयंतीला नेसायच्या.

प्राचार्य ओरडले, "काढा ते आधी!"

"काढते. आदी तुमी तिला इचारा."

तेवढ्यात समिती दारात. प्रमुख एक वयस्क बाई होत्या. त्यांनी साडीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि काय प्रकार आहे ते विचारलं. नोकरीची तीन-चार वर्षं उरली होती त्यांची.

"मॅडम, ही आमच्याच गावची. हिचं नाव गेलं, घर गेलं. म्हनून अब्रू बी गेली का?"

मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "संग्रहालय तुमच्याकडे आहे ना? तुमचं काय म्हणणं?"

प्राचार्य माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी माझ्याच पाटीकडे बघत होतो.

"झाकलेलंच राहू द्या," मी म्हणालो.

प्राचार्य दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन महिने तसे सुखाचे गेले. पेटी आपल्या खोलीत परत गेली, तिला पडदा लागला. नवी पाटी मावशींनी सांगितली आणि मी लिहिली: 'ही एक बाई. डोक्यावर ओझी वाहायची. अभ्यास असला तरच पडदा बाजूला सारा.' तिला परत मातीत ठेवता येईल का, असं वरच्या कार्यालयाला पत्रही घातलं. उत्तर अजून यायचंय.

निवृत्तीनंतर एक दिवस मावशी घरी आल्या. पिशवीतून कागद काढला. "सर, साक्षीदार म्हनून सही करा."

देहदानाचा अर्ज होता. मी चक्रावलो. "मावशी, तुम्ही? त्या बाईसाठी एवढं भांडलात आणि आता स्वतःच?"

"तिला कुनीच इचारलं न्हवतं, सर. मला मी इचारलं. हो म्हनले." आणि हसून म्हणाल्या, "तुमी निस्ती सही करा. इस्पेलिंग चुकवू नका."

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. घरी बुद्धवंदना झाली आणि मुलानं त्यांना मेडिकल कॉलेजच्या गाडीत ठेवलं. आईचा शब्द होता. गाडी वळेपर्यंत तो हात जोडून उभा होता.

काही महिन्यांनी, अर्जावरची माझी सही बघून, तिथल्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांचा फोन आला. नव्या मुलांचा पहिला तास होता. "आम्ही देहदात्याचं नाव सांगत नाही," ते म्हणाले, "पण माणूस सांगतो. तुम्ही याल का?"

मी गेलो. पांढऱ्या कोटातली पोरं टेबलाभोवती उभी होती, बरीचशी घाबरलेली. मी दहा मिनिटं बोलणार होतो, पाऊण तास बोललो.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "सर, आमचं काही चुकलं, तर त्या रागावल्या असत्या का?"

"लई रागावल्या असत्या," मी म्हणालो. "आणि मग चहा पाजला असता."

तिनं मान हलवली, आणि हातमोजे चढवले.